दक्षिणेची उघडी भिंत

शमीम,

परवा दुपारी रफिकचा फोन आला. मी कटिंगच्या टेबलापाशी उभी होते, एका हातात खडू आणि खांद्यात दाबलेला फोन. "पद्माताई, खोली तयार हाय. बाजीनं जिथवर आणली होती, तिथनं पुढचं आमी केलं. पाठवू का?" मी खडू टेबलावर ठेवेपर्यंत त्यानं पुन्हा विचारलं, "पाठवू का ताई?" तुझा धाकटा भाऊ अजून तुला बाजीच म्हणतो.

तुला जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, चाळिसावा अजून व्हायचा आहे. तुझे कपडे कुणाला द्यायचे, चष्मा कुठं ठेवायचा, असे प्रश्न तुझ्या घरच्यांपुढं आहेत. माझ्या वाट्याला मात्र तू एक अख्खी खोली ठेवून गेलीस, लोखंडाची, ट्रेलरवर चढवून कुर्डुवाडीहून सोलापूरला आणायची. लोकांच्या मैत्रिणी मागं फोटो ठेवून जातात. तुझं कधी चारचौघींसारखं काही होतं म्हणा.

मी "पाठव" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला धडकी भरली. ती खोली आपल्या शिलाईच्या हॉलच्या दक्षिणेच्या भिंतीला लागणार होती, आणि ती नेमकी बसेल की नाही हे सांगायला तू नव्हतीस. ती बसली नसती तर रेणुका गेली असती. कॉलर लावणारी आपली रेणुका, मंगळवेढ्याकडची. तिचं बाळ आता पालथं पडायला लागलंय. बाळाला सांभाळायला आलेली सासू शेरडामेंढरांकडं परत गेली, आणि तेव्हापासून ते लेकरू मशीनशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर निजतंय. "ताई, उनाळा लागायच्या आत मी गावाकडं जाते," ती मला म्हणाली. "हितं पोराला ठिवू कुटं? कात्री पडली वरनं तर?" तिच्या मागं आणखी दोघीतिघी हेच बोलायच्या बेतात होत्या. तू त्यांना पाळणाघराची खोली कबूल केली होतीस. कबूल केलं आणि गेलीस.

तुझ्यावर रागवायची मला शाळेपासूनची सवय आहे. तेव्हा तू माझी कंपासपेटी घ्यायचीस, तिच्या बिजागरीची तार काढून झाकण वेगळं करायचीस आणि पुन्हा बसवून द्यायचीस. पेटीला काही झालेलं नसायचं. मी विचारायची, मग उघडलीस कशाला? तू म्हणायचीस, "उघडती का नाही ते बघितलं." जी वस्तू उघडून परत जोडता येत नाही ती नीट बनवलेलीच नाही, हे तुझं मत तेव्हापासूनचं. पुढं तू इंजिनिअर झालीस, पुण्यात नोकरी केलीस, अब्बांचं दुखणं निघालं तेव्हा परत आलीस. मत काही बदललं नाही.

माझे वडील, नाना, यंत्रमागावर टॉवेल काढायचे. ते माग भंगारात गेले आणि त्याच पत्र्याच्या शेडमध्ये मी शाळेचे गणवेश शिवायला लागले. हे तुला माहीत आहे, पण ते शेड मला पुन्हा एकदा आठवून घ्यायचंय. शाळा उघडतात जूनमध्ये, म्हणजे आमची खरी घाई माघापासून पुढं, सबंध उन्हाळाभर. वर पत्रा तापलेला, आत इस्त्रीची वाफ आणि मशीनच्या मोटारी. बायका ओले टॉवेल मानेवर टाकून शिवायच्या. एका दुपारी नव्यानं कामाला लागलेली रेणुका शिवता शिवता मशीनवरच कलंडली. तू तेव्हा चहाला आलेली होतीस. तिला आपण दोघींनी उचलून दारात आणलं, तू तिचं डोकं मांडीवर घेतलंस आणि वर पत्र्याकडं बघत राहिलीस. मला वाटलं तू देवाला काही म्हणते आहेस. तू छताचा हिशेब करत होतीस.

त्याआधी मी एका कंत्राटदाराला बोलावलं होतं. त्याचं म्हणणं, शेड पाडा, वर्षभर दुसरीकडं जागा बघा, आणि बांधकामाला पाणी लागेल तेवढे टँकर धरून ठेवा. आमच्या भागात नळाला पाणी येतं तो दिवस बायका सणासारखा धरतात, आणि हा माणूस भिंतींवर मारायला पाणी मागत होता. एक हंगाम काम बंद म्हणजे गिऱ्हाइकं गेली, बायका परत विड्या वळायला गेल्या, सगळं संपलं. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू रेणुकाच्या तोंडावर पाणी मारत म्हणालीस, "तू इथं शिवत राहा. मी तिकडं बांधते."

"तिकडं कुठं?"

"कुर्डुवाडीला. आमच्या यार्डात."

"ट्रकच्या बॉड्या बांधता तिथं?"

"मग? जमीन, भिंती, छत, दार. बॉडीला आणखी काय असतं?"

"ट्रक चालतो, शमीम."

"तुझी बिल्डिंगपण येईल की चालत."

मी हसले. रेणुकानं डोळे उघडले आणि तीही हसली, काय चाललंय ते न कळता. तुमच्या यार्डात तेव्हा काम कमी झालं होतं. कंपन्या तयार बॉडीचेच ट्रक द्यायला लागल्या होत्या आणि तुझ्या अब्बांच्या हाताखाली तयार झालेली माणसं दुपारपर्यंत बसून असायची. तुला माझं शेड दिसत होतं आणि ती माणसंही दिसत होती. तू ते एकमेकांना जोडलंस. आज ते सोपं वाटतं, पण माझ्या तरी डोक्यात ते सात जन्मांत आलं नसतं.

यार्डात मी पहिल्यांदा आले तो दिवस मी विसरणार नाही. अम्माला, म्हणजे माझ्या आईला, बरोबर आणलं होतं. माझी इमारत तिथं तुकड्यातुकड्यांनी उभी होती. इथं एक तुकडा, तिथं एक, मधून तुझी माणसं फिरताहेत. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर तू हाताशी धरले होतेस, ते त्या तुकड्यांना डबे म्हणत, आणि मग सगळेच डबे म्हणायला लागले. ट्रेलरवर बसेल आणि पुलाखालून जाईल एवढाच प्रत्येक डबा. कुणाला जमीन होती आणि छत नव्हतं, कुणाच्या छतात उत्तरेकडं तोंड करून काचा बसवलेल्या होत्या, आपल्या जुन्या गिरण्यांच्या करवती छपरांत असायच्या तशा. मी आणि अम्मा एका डब्यात चढलो. चार पावलांवर तो संपला आणि पुढं मोकळं यार्ड दिसायला लागलं. अम्मानं माझा हात धरला. ती घाबरली असं मला वाटलं, पण ती बघत होती आणि तिचं बघणं संपत नव्हतं.

तू आम्हाला तुझा फर्मा दाखवलास. लोखंडी चौकट, जड, जमिनीत रोवलेली. प्रत्येक डब्याचं टोक तिला टेकवायचं आणि तिच्याच भोकांतून ड्रिल मारायचं, म्हणजे कुठलाही डबा कुठल्याही डब्याला लागतो. शिंप्याच्या घरात हे कळायला वेळ लागत नाही. आम्हीही एकाच पुठ्ठ्यावरून शेकडो कॉलर कापतो. पण भिंती, छत, खिडक्या अशा कापायच्या, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. मी तसं बोलले नाही. मी म्हटलं, "गंजेल हे." तू म्हणालीस, "गंजू नये म्हणूनच रंग असतो, बाई."

भिंतीत काय भरलंय असं अम्मानं विचारलं, तेव्हा तू एका उघड्या चौकटीतून मूठभर काढून तिच्या हातावर ठेवलंस. आमच्याच चिंध्या होत्या. निळ्या, खाकी, चेक्सच्या. मी पोत्यांनी फेकायची ती कात्रणं तू वर्षभर नेत होतीस, आणि मला वाटायचं यार्डात हात पुसायला नेतेस. टाकणखाराच्या पाण्यातून काढून, वाळवून, दाबून तू त्यांच्या गाद्या केल्या होत्यास, म्हणजे वाळवी लागत नाही आणि आगही लवकर धरत नाही. अम्मानं त्यातली एक निळी पट्टी ओळखली. कुठल्या शाळेची, ते तिनं बरोबर सांगितलं. मग तिनं ती पट्टी परत भिंतीत ठेवली आणि वरनं हात फिरवला.

आणि मग त्या कड्या. मी बाहेरून डब्याला वळसा घातला तर खालच्या कडेला हात हात अंतरावर लोखंडी कड्या वेल्ड केलेल्या. मी तुला हाक मारली. "हे काय आहे?" तू बघितलंस, आणि मग जी हसायला लागलीस ती तिथं मातीतच बसलीस. ताडपत्रीचे दोर बांधायच्या कड्या होत्या त्या. तुमच्या वेल्डरनं जन्मभर ट्रकच्या बॉड्या केल्या, त्याचा हात आपोआप तिकडं गेला, आणि निम्मे डबे होईपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. कारण त्या यार्डात कुणाला कड्या वेगळ्या दिसल्याच नाहीत. बॉडी म्हटली की कड्या असायच्याच.

"कापून टाक," मी म्हटलं. "कारखाना आहे माझा. उद्या कुणी येऊन विचारेल, माल कुठं चाललाय?"

"राहू दे गं. लागतील."

"बिल्डिंगला कड्या कशाला लागतील?"

"ते बिल्डिंग सांगेल की. तू कायकू चिडती?"

तू त्या कापल्या तर नाहीतच, उरलेल्या डब्यांनाही लावायला सांगितल्यास, सगळे सारखे दिसावेत म्हणून. मी परतीच्या रस्त्यावर टेंभुर्णीपर्यंत तुझ्या नावानं बोटं मोडत होते आणि अम्मा हसत होती.

डबे आले तो दिवस. शेडमध्ये मशीनं चालूच होती. शेजारच्या मोकळ्या जागेत, जिथं एके काळी नानांचे टॉवेल वाळायचे, तिथं तू आधीच काँक्रीटचे ठोकळे बसवून ठेवले होतेस. तेवढंच काय ते पाणी लागलं बांधकामाला. ट्रेलर वळून आत आले. क्रेननं पहिला डबा उचलला, काचा-खिडक्यांसकट, आणि तो माझ्या डोक्यावरनं गेला. शमीम, मी पन्नाशीची बाई, कारखाना चालवते, बायकांवर ओरडते. मी तोंडाला पदर लावून उभी होते. तुझा एक माणूस खाली उभा राहून हातानं इशारे करत होता, थोडा अलीकडं, थोडा खाली, आणि एवढं मोठं लोखंड त्याच्या बोटांचं ऐकत होतं. मग दुसरा डबा पहिल्याला येऊन भिडला. मधून उजेडाची फट दिसत होती, ती बारीक झाली आणि दिसेनाशी झाली. ना वाळूचे ढीग, ना धूळ, ना घमेली. मावळतीला अर्धा हॉल उभा होता. मी बायकांना आवरायला सांगितलं तरी एकही जण घरी जायला तयार नव्हती.

रेणुकानं आत जाऊन दोन डब्यांच्या सांध्यावर एक पाय अलीकडं आणि एक पलीकडं ठेवला. "ताई, हे काल कुर्डवाडीला हुतं व्हय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आन आपुन हितंच हुतो की. शिवत."

स्लॅबच्या जेवणावरनं मात्र पंचाईत झाली. बांधकाम म्हटलं की स्लॅब पडतो त्या दिवशी मालकानं कामगारांना गोडाचं जेवण द्यायचं, ही रीत. इथं स्लॅबच नव्हता, मग जेवण कधी? तुझी माणसं मला आडून आडून विचारत होती. तू म्हणालीस, शेवटचा बोल्ट बसल्यावर. मी वाट बघितली नाही, छत पूर्ण झालं त्या दिवशी लापशी आणि कडक भाकऱ्या मांडल्या. तूही जेवलीस, बोटं चाटून. आणि उठताना म्हणालीस, "शेवटचा बोल्ट अजून बसला नाही हं."

तो का बसला नव्हता, तर दक्षिणेची भिंत. बाकी सगळीकडं पक्कं काम आणि दक्षिणेला तू नुसता एक पडदा लावल्यासारखी भिंत लावलीस, उघडता येणारी, आणि तिच्या भोवतीनं रिकामी भोकं. प्रत्येक भोकात ग्रीस भरून लाकडी खुंटी ठोकलेली. अम्मा म्हणाली, दक्षिणेला उघडं ठेवू नये, अशुभ असतं. मी म्हटलं, घाणेरडं दिसतंय. तू दोघींना एकच उत्तर दिलंस, "जागा राखून ठेवलीय." कशासाठी, ते तुलाही तेव्हा माहीत नसावं. जुनं शेड त्याच बाजूला होतं. मशीनं एकेक रांग करत नव्या हॉलमध्ये आली आणि शेडचे पत्रे उतरवले, तेव्हा तिथं मोकळी माती राहिली. बायकांनी त्या खुंट्यांना जेवणाच्या पिशव्या अडकवायला सुरुवात केली. चला, काहीतरी उपयोग झाला, मी म्हटलं.

पहिला उन्हाळा आला. मी रोज दुपारी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहायची आणि माझा विश्वास बसायचा नाही. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि आत बायका गप्पा मारत शिवताहेत. डोक्यावर दुहेरी छत, मधून वारा खेळता. खाली ठोकळ्यांमुळं तापलेल्या जमिनीशी संबंध नाही. उत्तरेकडनं उजेड येतो, ऊन येत नाही, त्यामुळं दिवसा दिवे लावायचेच नाहीत. मशीनं निम्मीअधिक छतावरच्या सोलरवर. आणि चारी बाजूंनी आमच्याच चिंध्या, पोरांच्या शर्टांच्या. मी घामाचा हात पुसायला पदर उचलायची आणि हात कोरडा असायचा. शमीम, मी तुला हे तेव्हा फोन करून सांगायला हवं होतं. मी फोन केला होता, पण तक्रार करायला. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, हे सांगायला.

तू यायच्या आतच रेणुकानं त्यावर उपाय काढला. गोदामातल्या डागी चादरी आणल्या, वरचं टोक पन्हळीच्या सळईला बांधलं आणि खालचं तुझ्या कड्यांना. ताणून, ताडपत्रीसारखं. भिंतीपासून हातभर अंतरावर लाल-हिरव्या सोलापुरी चादरींची ओळ उभी राहिली आणि भिंत निवली. तू आलीस, बाहेर उभी राहून बघितलंस. मी तुझ्या तोंडाकडं बघायचं टाळत होते. फक्त एका कडीला पायानं हलकेच धक्का दिलास, आणि मला आजही वाटतं की त्यापेक्षा तू बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मग वळवाचा वारा सुटला त्या संध्याकाळी आपलं मोठं भांडण झालं. छतातून टकटक आवाज यायला लागले, चादरी फडफडायला लागल्या, आणि माझ्या मनात आलं, हे सगळं बोल्टांवर उभं आहे. नटबोल्ट. सायकलचे असतात ते. मी तुला म्हटलं, सगळे सांधे वेल्ड करून टाक आणि ती दक्षिणेची भोकं बुजवून टाक, कायमचं पक्कं होऊ दे.

"लोखंड तापतं, निवतं, आवाज करतं. ट्रकपण करतो. बोल्ट सुटत नाहीत."

"मला झोप लागत नाही, शमीम."

"वेल्ड मारलं तर परत उघडणार नाही."

"मला उघडायचंच नाहीये. बिल्डिंग कोण उघडतं?"

तू चष्मा काढून त्याची काडी चावलीस. मग म्हणालीस, "पद्मा, नानांचं शेड पक्कं होतं ना? पाडावंच लागलं ते. पत्रे सोडून काय हाती लागलं तुझ्या?" मला राग आला, नानांचं नाव घेतलंस म्हणून. मी म्हटलं, माझी जागा आहे, मी माझा वेल्डर बोलावते. तू म्हणालीस, बोलाव. मी बोलावला नाही. पण नाद सोडलाही नव्हता. दर वळवाला तो विषय निघायचा आणि तिथंच अडायचा.

तुझी-माझी शेवटची भेटही त्याच भिंतीपाशी झाली. रेणुकाचं बाळ झालं होतं, तू ते बघायला आली होतीस. मशीनशेजारी गठ्ठ्यावर निजवलेलं बघितलंस आणि तुझं तोंड उतरलं. बायकांसमोरच म्हणालीस, पाळणाघराची खोली देते, उन्हाळ्याच्या आत. दक्षिणेला जाऊन मातीत फेऱ्या मारल्यास, टाचेनं चार खुणा केल्यास आणि मला बजावलंस की इथं चार ठोकळे पडतील, काही उकरू नको, गाड्या लावू नको. मी म्हटलं, माझी जागा आहे. तू म्हणालीस, हो गं बाई, तुझीच आहे. ठोकळे पाडून घेतलेस, आणि नंतर फक्त फोनवर बोललीस, घाईघाईत, मागं यार्डातलं ग्राइंडर किंचाळत असायचं. मग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून तू घरी खुर्चीत बसलीस आणि उठली नाहीस.

शुक्रवार पेठेतल्या तुमच्या घरी मी बायकांमध्ये बसले होते. गल्लीत यार्डातली माणसं उभी होती, टोप्या घातलेले वेल्डर आणि त्यांच्या शेजारी कपाळाला बुक्का लावलेले रेल्वेचे म्हातारे फिटर. आपल्या बायका मशीनं बंद करून आल्या होत्या. एकीच्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती. तुला नेलं तेव्हा आम्ही दारापर्यंत आलो आणि थांबलो. मला एवढंच सुचत होतं, की हिला मी एकदाही म्हटलं नाही, तू केलंस ते बघून मी थक्क होते. आता म्हणते. रोज सकाळी मी कुलूप काढते, उत्तरेचा उजेड मशीनांच्या रांगांवर पडलेला असतो, आणि रोज मला वाटतं की हे माणसाच्या डोक्यातनं निघालं कसं. कंपासपेटी उघडणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या डोक्यातनं.

काल खोली आली.

एकच ट्रेलर, एकच डबा, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेला. रफिक पुढं बसून आला होता. दाढी वाढलेली. अम्मा खुर्ची टाकून उन्हात बसली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "माप घेतलंस का नीट? बाजी असताना निम्मीच झाली होती ना?"

"ताई, मी माप नाही घेतलं," तो म्हणाला. "फर्मा तोच हाय. बाजीचा. त्यालाच टेकवली."

बायकांनी खुंट्यांवरच्या पिशव्या काढल्या. फिटरांनी एकेक खुंटी उपटली. आतलं ग्रीस तसंच होतं, मऊ. मग त्यांनी दक्षिणेची भिंत सोडवली आणि बाजूला ठेवली, आणि हॉल त्या बाजूनं उघडा पडला. मशीनवर बसलेल्या बायकांना एकदम रस्ता दिसायला लागला. क्रेननं डबा उचलला. मी अम्माच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते. डबा खाली आला, ठोकळ्यांवर टेकला, सरकत सरकत हॉलला भिडला. म्हाताऱ्या फिटरनं पहिल्या भोकात बोल्ट धरला.

तो गेला. हातोडी लागली नाही, कानस लागली नाही. त्यानं बोटांनी फिरवला आणि तो जात राहिला. दुसरा गेला, तिसरा गेला. त्या भोकांना ती खोली ठाऊक होती, इतकी वर्षं, आणि मी त्यांत वेल्ड भरायला निघाले होते. रफिक भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मग मीच रडायला लागले. माझ्यासमोर तू भांडण जिंकलं होतंस आणि तुला ते सांगायची सोय नव्हती.

आम्ही आत गेलो. रंगाचा वास होता. उत्तरेकडनं तोच उजेड, खिडक्या खाली, रांगत्या पोराला बाहेरचं दिसेल अशा. आणि छताच्या तुळयांना कड्या. त्याच, जाड, ताडपत्रीच्या. आतल्या बाजूला.

"रफिक, ह्या परत सवयीनं लावल्या का रे?"

"न्हाय ताई. ह्या बाजीनं सांगून लावल्या. खडूनं खुणा करून दिल्या हुत्या तिनं."

रेणुका वर बघत होती. मला कळायच्या आधी तिला कळलं. ती गोदामात गेली, चादर घेऊन आली, स्टुलावर चढून तिची दोन टोकं दोन कड्यांत ओवली आणि गाठी मारल्या. मग झोळीला दोन्ही हातांनी धरून सगळं वजन टाकून लोंबकळली. ट्रकभर मालाचा दोर धरणारी कडी ती. हललीही नाही. तिनं बाळ आणून झोळीत घातलं आणि एक झोका दिला. अम्मा दारात येऊन उभी राहिली होती. "दक्षिणेला आहे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "असू दे."

काल लापशी केली. शेवटचा बोल्ट बसला म्हणून.

पण तो बसलेला नाही, शमीम. जेवणानंतर मी खोलीत एकटी गेले तेव्हा बघितलं. पलीकडच्या भिंतीला, पार कडेनं, खालपासून वरपर्यंत लाकडी खुंट्या ठोकलेल्या आहेत. मी एक उपटून बघितली. आत ग्रीस आहे.

पलीकडं काय लावायचं होतंस, ते तू रफिकलाही सांगितलं नाहीस. मी विचारलं त्याला. म्हणजे आता ते मला ठरवावं लागणार, आणि मी काहीही ठरवलं तरी तू त्याला नावं ठेवली असतीस. ठेव. मी ती खुंटी परत होती तिथं ठोकली आणि बाहेर आले. आज सकाळी कुलूप काढलं आणि बायका कामाला लागल्यावर त्या खोलीत गेले, तर सगळ्या पिशव्या त्या भिंतीवर अडकवलेल्या होत्या, आणि हॉलमध्ये रेणुका तिच्या मशीनवर बसून कॉलर लावत होती.